‘पटस ते दे, नही ते घर लई जाय’ : मुक्त बाजाराच्या नैतिकतेविषयी

तुमचा प्रश्न असा आहे. पदव्युत्तर वर्गात मुक्त बाजाराची कार्यक्षमता शिकवली जाते आणि कागदावर ती पटतेही. परंतु रावेर तालुक्यात तुमच्या वडिलांची केळी व्यापाऱ्याने बाजार समितीच्या जाहीर भावापेक्षा कमी दराने कापून नेली, तेव्हा भांडवलशाही फायद्याची असली तरी तिला नैतिक कसे म्हणावे, असा पेच तुमच्यापुढे उभा राहिला. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी जगलो आहे. शिरपूर तालुक्यातल्या एका कोरडवाहू कापूस शेतकऱ्याचा मी मुलगा आहे, आणि १९८८ पासून आधी धुळ्यात एका अडतीवर मुनीम म्हणून व पुढे स्वतःच्या जिनिंगमध्ये शेतमालाची खरेदी-विक्री हेच माझे काम राहिले आहे. शेतकरी ज्या बाजूला लुटारूंची बाजू म्हणतो त्या बाजूला मी बसतो, आणि तरीही माणसाला माणूस म्हणून वागवणारी व्यवस्था म्हणून मला मुक्त बाजारच योग्य वाटतो. हे मत माझ्याकडे कसे आले, तेथून सुरुवात करतो.

१९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला दलालाच्या तावडीतून सोडवावे आणि हमखास भाव द्यावा हा तिचा हेतू होता आणि त्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु त्यासाठी राज्यात पिकलेला कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकण्याचे बंधन घालण्यात आले. खासगी खरेदी बंद झाली आणि परवानगीवाचून कापूस राज्याबाहेर नेणे हा गुन्हा ठरला. आमचे गाव मध्य प्रदेशच्या हद्दीपासून फार लांब नाही. घाट ओलांडला की सेंधव्याची कापूस मंडी, आणि ज्या वर्षी तिथला भाव चढा असे त्या वर्षी आमच्या भागातल्या घराघरांत एकच विषय असे.

मी आठवीत असतानाची गोष्ट आहे. वडिलांनी एका रात्री बैलगाडी भरली, कापसावर जुन्या गोधड्या आणि त्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून घरातल्या खुंटीला अडकवल्या आणि कंदील न लावताच आम्ही आग्रा रस्ता टाळून जंगलातल्या गाडवाटेने निघालो. आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. हद्दीच्या अलीकडे एका माणसाने गाडी अडवून आत काय आहे असे विचारले. माझे वडील माळकरी होते. त्यांच्या तोंडून खोटे शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. ते म्हणाले, ‘गुरांसाठी कडबा आहे.’ त्या माणसाने पेंढीत हात घातला, बोटांना लागलेला कापूस पाहिला, आणि काही नोटा घेऊन आम्हाला सोडले. सकाळी सेंधव्यात माल काट्यावर चढला, भाव आमच्यासमोर बोलला गेला आणि दुपारच्या आत रोख पैसे हातात पडले. आमच्या राज्यात तेच पैसे हप्त्याहप्त्याने, कपाती होऊन आणि केंद्रावर दोन-तीन रात्री गाडीखाली झोपून मिळत असत. परतताना वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले की, आपल्याच शेतातला माल आपण चोरासारखा नेला.

त्या वाक्यात मला सगळा नैतिक प्रश्न दिसतो. त्या रात्री कोणाचे काय चोरीला गेले होते? जमीन आमची होती, बियाण्याचे पैसे आमचे होते, वेचणी आईने आणि गावातल्या बायांनी केली होती, घेणारा खुशीने घेत होता आणि देणारा खुशीने देत होता. तरीही कायद्याच्या दृष्टीने माझे वडील गुन्हेगार होते आणि नोटा घेणारा माणूस कायद्याचा रखवालदार होता. ज्या व्यवस्थेत सरळ माणसाला आपल्या घामाचा माल विकण्यासाठी खोटे बोलावे लागते, ती व्यवस्था कितीही कळवळ्याने उभारलेली असली तरी अनैतिकच आहे, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. याच सुमारास, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला गेला आणि आता तो ‘३०० अ’ या कलमात साधा कायदेशीर हक्क म्हणून उरला आहे. श्रीमंतांच्या इस्टेटीशी संबंधित बाब म्हणून याकडे पाहण्याची आपल्याला सवय आहे; परंतु गाडीभर कापसावरचा हक्क हाही मालमत्तेचाच हक्क असतो, आणि तो काढून घेतला की गरिबाकडे दुसरे काही उरत नाही.

योजनेचे पुढे काय झाले हे तुम्हाला अभ्यासक्रमात कदाचित सांगितले असेल. बाहेर भाव जास्त असे तेव्हा राज्यातला कापूस बाहेर जाई, आणि हमीभाव जास्त असे तेव्हा बाहेरचा कापूस राज्यात येई. दोन्हीकडून तोटा तिजोरीचा. हा बोजा हजारो कोटींवर गेला आणि २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी करून देण्यात आली. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी ऐंशीच्या दशकापासून जे सांगत होते, की शेतकऱ्याला सबसिडी मिळत नसून जागतिक भावाच्या तुलनेत त्याच्याकडूनच वसुली होते, म्हणजे ती ‘उणे सबसिडी’ आहे, ते आमच्या भागात समजावून सांगावे लागले नाही. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा अर्थशास्त्राचीही होती आणि स्वाभिमानाचीही.

आता तुमच्या वडिलांच्या केळीकडे येतो, कारण खरा कठीण भाग तो आहे.

बाजारात उभे राहिले की आमच्या जुन्या मालकाचे एक ठरलेले अहिराणी वाक्य असे. भाव बोलला गेला आणि शेतकरी घुटमळला की ते म्हणत, ‘पटस ते दे, नही ते घर लई जाय.’ पटले तर दे, नाहीतर घरी घेऊन जा. ऐकायला हे उद्धट वाटते. परंतु मुक्त सौद्याची याहून नेमकी व्याख्या मला अद्याप सापडलेली नाही. सौद्याला नैतिक बळ मिळते ते या दुसऱ्या अर्ध्या भागातून, म्हणजे नाकारता येण्यातून. कापूस घरी नेता येतो, तूर कोठीत ठेवता येते. केळीचा घड मात्र तयार झाला की थांबत नाही. व्यापाऱ्याचे कटाईवाले आणि गाडी दोन दिवस उशिरा आली तर झाडावरच फळ पिवळे पडू लागते आणि दिल्लीच्या गाडीला ते चालत नाही. अशा वेळी जाहीर भाव फलकावर काहीही असो, नवती (नव्या लागवडीच्या) बागेला पिलबागेचा (खोडव्याच्या बागेचा) दर लावला जातो, मालाची प्रत उतरवली जाते, आणि तुमच्या वडिलांकडे ‘नही’ म्हणण्याची सोय नसते. हा अन्याय आहे हे मी मान्य करतो. मात्र तुम्ही त्याला मुक्त बाजार म्हणता, आणि तेथे माझा मतभेद सुरू होतो. ज्याला नकार देता येत नाही त्याच्यापुरता बाजार अजून मुक्त झालेलाच नसतो, आणि नकार का देता येत नाही याचा शोध घेतला की बहुतेक वेळा एखादे बंद दार सापडते.

एक अनुभव सांगतो, जो मी सहसा सांगत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुनीम म्हणून मी मालकाच्या वतीने धान्याच्या लिलावात बोली लावत असे. परवानाधारक खरेदीदार मोजके होते आणि हंगामाच्या काही दिवसांत ते आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून, उद्या कितीच्या वर जायचे नाही, हे ठरवत. मी त्या बाकावर बसलो आहे. दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस पोत्यात हात घालून दाणा दाखवत होता आणि मी ठरलेल्या आकड्यावर गप्प उभा होतो, याची मला आजही लाज वाटते. ती युती कोणत्या छाप्याने किंवा नियमाने मोडली नाही. गुजरातेतल्या एका गिरणीचा खरेदीदार रीतसर परवाना मिळवून आवारात उतरला, त्याला आमच्या टपरीशी देणेघेणे नव्हते, आणि दोन दिवसांत भाव क्विंटलमागे साठ-सत्तर रुपयांनी वर गेला. त्याचा परवाना मात्र दीड वर्ष अडकून पडला होता, आणि तो अडकवणाऱ्यांत आम्ही व्यापारीच पुढे होतो. व्यापाऱ्याला स्पर्धा आवडत नाही, हे अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले आहे: एका धंद्याचे लोक एकत्र आले की बोलणे बहुधा जनतेविरुद्धच्या कटाकडे वळते. मुक्त बाजाराची बाजू घेणे म्हणजे व्यापाऱ्याची बाजू घेणे, हा तुमच्या प्रश्नातला गैरसमज मला सर्वप्रथम दूर करावासा वाटतो.

बाजार समित्यांचा इतिहासही दोन भागांत पाहावा लागतो. पूर्वीच्या हत्ता पद्धतीत अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल तो शेजारी उभा असूनही त्याला काही कळत नसे. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने वजनमापे, उघडा लिलाव आणि ठरलेली हमाली-तोलाई आणली, आणि त्या कायद्याखाली नियमन झालेल्या सुरुवातीच्या बाजारांत धुळ्याचा समावेश होता. हे शासनाचेच काम आहे. खोटा काटा पकडणे, करार पाळायला लावणे, पैसे बुडवणाऱ्याला न्यायालयात खेचणे यांशिवाय कोणताही बाजार चालत नाही. परंतु १९६३ च्या राज्य कायद्यानंतर काट्याच्या नियमनावरून गाडी हळूहळू ‘कोणी, कोठे आणि कोणाच्या परवान्याने विकत घ्यायचे’ या नियंत्रणावर गेली. पहिल्या प्रकारच्या नियमाने शेतकऱ्याचा नकार भक्कम झाला होता, दुसऱ्याने त्याच्यासमोरचे पर्याय कमी झाले. २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला समितीच्या सक्तीतून मोकळा केला, त्याचा लाभ केळीला ठिकठिकाणी दिसतो. निर्यातदार थेट बागेवर येऊन घड बॉक्समध्ये भरतात. सर्वत्र तसे झालेले नाही, हेही खरे आहे.

आर्थिक बाजूविषयी तुम्हाला वर्गात बरेच शिकवले असणार, म्हणून मी फक्त किंमत या एका गोष्टीवर थांबतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. खानदेशातल्या शेतकऱ्याला ना ते युद्ध ठाऊक होते ना लँकेशायर. त्याला एवढेच कळले की कापसाचा भाव चढला आहे, आणि त्याने ज्वारीच्या रानात कापूस लावला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला आणि अनेकजण कर्जात बुडाले. या कथेचा पहिला अर्धाच सांगणारे व्यापारी मी पाहिले आहेत आणि दुसरा अर्धाच सांगणारे प्राध्यापकही. पूर्ण कथा सांगितली की कळते की किंमत हा निरोप आहे. हजारो मैलांवरची टंचाई किंवा विपुलता ती एका आकड्यात आणून देते, आणि कोणताही अधिकारी एवढी माहिती गोळा करू शकत नाही. फ्रीडरिख हायेक यांनी १९४५ मध्ये हाच मुद्दा शास्त्रीय रीतीने मांडला. निरोप वाईट असला तरी निरोप्याला कोंडून उपयोग नसतो.

कोंडल्यावर काय होते ते आपल्या जळगावच्या डाळ उद्योगाने पाहिले आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. त्या भावाने शेतकऱ्यांना निरोप दिला, त्यांनी पेरा वाढवला, पाऊसही चांगला झाला आणि २०१६-१७ मध्ये तुरीचे विक्रमी पीक आले. मात्र त्या वेळी डाळींच्या निर्यातीवर २००६ पासूनची बंदी कायम होती आणि डाळमिलवाल्याने किती साठा करावा यावर मर्यादा होती. म्हणजे ज्यांनी माल घ्यायचा त्यांचे हात बांधलेले आणि माल बाहेर जाण्याचे दार बंद. परिणामी हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये असताना तूर त्याच्या कितीतरी खाली विकली गेली आणि खरेदी केंद्रांसमोर बारदान नाही म्हणून ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. निर्यातबंदी उठली ती २०१७ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, तोपर्यंत लहान शेतकऱ्याची तूर घरात उरली नव्हती. महागाईच्या वर्षी ग्राहकाच्या नावाने शेतकऱ्याचे हात बांधायचे आणि मंदीच्या वर्षी त्याला मोकळे सोडायचे, याला मुक्त बाजार म्हणून दोष देणे हे मला फार अन्यायाचे वाटते. ५ मार्च २०१२ ची कापूस निर्यातबंदी आणि डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी ही याच मालिकेतली उदाहरणे आहेत.

येथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट ऐकवावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि पुढे ती मुदत वर्षअखेरपर्यंत वाढवली, तेव्हा आमच्याकडे मोठा संताप झाला. मी त्या संतापात सामील झालो, परंतु माझे कारण वेगळे होते. आयात मोकळी असावी असे मानणाऱ्या माणसाने ती आपल्या मालाबाबतही मान्य केली पाहिजे. सूतगिरणीला स्वस्त रुई घेण्याचा तोच हक्क आहे जो माझ्या वडिलांना सेंधव्यात विकण्याचा होता. आक्षेप आहे तो ऐन हंगामाच्या तोंडावर, पेरणी झाल्यानंतर, नियम बदलण्यावर, आणि भाव चढला की निर्यात बंद व आयात खुली या एकतर्फी दारावर. दार दोन्ही बाजूंनी आणि बाराही महिने उघडे राहणार असेल, बियाण्यातले नवे तंत्रज्ञान शेतकऱ्याला मिळणार असेल, तर आपला कापूस उत्पादक स्पर्धेला घाबरणारा नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्या सुमारास देशात दीडशे-एकशे साठ लाख गाठी पिकत. २०१३-१४ मध्ये तो आकडा चारशे लाखांच्या जवळ पोहोचला. पुढच्या पिढीतले तणनाशक सहन करणारे वाण मात्र अडकले, आणि २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. त्या बातम्या वाचताना मला आमच्या बैलांच्या काढून ठेवलेल्या घुंगुरमाळा आठवत होत्या.

स्वातंत्र्यात चूक करण्याची मुभाही येते, आणि ती किंमत लहान नसते. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात आमच्या भागातल्या असंख्य शेतकऱ्यांनी तोच भाव येईल म्हणून माल धरून ठेवला. मधल्या खोलीत, माजघरात, काही ठिकाणी माळ्यापर्यंत कापूस भरला होता. उन्हाळा लागला तसे त्यातल्या किडीने मुलांच्या अंगाला खाज सुटली आणि लोक ओट्यावर झोपू लागले. साडेआठ हजारांना विका असे मी अनेकांना सांगितले होते. त्यांनी नाही म्हटले, आणि शेवटी सात हजारांच्या आसपास विकावे लागले. मला त्यांचे दुःख होते. परंतु ‘आम्ही ठरवले आणि आम्ही चुकलो’ असे सांगताना त्यांच्या आवाजात जे होते, ते माझ्या वडिलांच्या आवाजात त्या सकाळी नव्हते.

मजुराच्या बाजूने पाहिले तर मुक्त बाजाराचा नैतिक मुद्दा मला अधिकच ठळक दिसतो. आपल्या गावगाड्यात शतकानुशतके कामाची किंमत विचारण्याचाच हक्क नव्हता. काम जन्माने ठरे, बलुते दुसरा ठरवे, आणि बलुतेदाराने काम नाकारले तर गाव त्याला राहू देत नसे. त्या व्यवस्थेला कोणी जिव्हाळ्याची म्हणत असेल, पण ज्यांच्या वाट्याला ती आली त्यांच्या नातवंडांना विचारावे. पैशाच्या सौद्याला रुक्ष म्हटले जाते. मला तर त्या रुक्षपणातच मुक्ती दिसते, कारण मजुरी हातात पडली की पुढच्या दिवशी दुसऱ्याकडे जाता येते. पूर्वी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या शेतगड्याचे, वर्ष ठरे, तेव्हा मालक आकडा सांगे आणि सालदार मान हलवी. आज सालदार आकडा सांगतो, धान्य वेगळे मागतो, आठवड्याची सुट्टी मागतो, आणि मालक दुसरा कोणी मिळतो का हे पाहत गावभर फिरतो. यामागे शेतमालकांचे हृदयपरिवर्तन नाही. सुरत, पुणे आणि जवळच्या औद्योगिक वसाहती यांनी त्या माणसाला दुसरा गिऱ्हाईक मिळवून दिला आहे. जातीमुळे आजही कर्ज, दुकानाची जागा आणि ओळखी अडतात, हे मी नाकारत नाही. मात्र त्यावरचा उपाय त्या माणसाला बाजारात अधिक आत घेण्यात आहे, हे माझे ठाम मत आहे.

भांडवल या शब्दाबद्दल थोडक्यात. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तोच पुढे विप्रो झाला, आणि त्या काळी थोडे शेअर घेऊन ठेवलेल्या साध्या कुटुंबांचे काय झाले हे अमळनेरकरांना मी सांगायला नको. जळगावात भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून सुरुवात केली, १९७८ मध्ये बंद पडलेला केळी भुकटीचा कारखाना घेऊन त्यात पपईपासून पपेन काढले, आणि पुढे ठिबक आणले. आज यावल-रावेरच्या बागांत जे पाणी थेंबाथेंबाने मुळाशी जाते, ते कोणत्या आदेशाने आलेले नाही. कोणीतरी बचत धोक्यात घातली आणि शेतकऱ्याने खिशातले पैसे देऊन ती कल्पना पास केली. याच्या उलट उदाहरण सराफ बाजाराचे. जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने नवे दागिने चौदा कॅरटपर्यंतच करण्याचे बंधन आले. शुद्धतेसाठी ज्या जळगावचे नाव आहे तिथल्या कारागिराला शुद्ध सोने घडवणेच बेकायदा ठरले, आणि देशभर कारागिरांची चूल विझली. चोरटी आयात मात्र फोफावली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये मधू दंडवते अर्थमंत्री असताना रद्द झाला. समाजवादी विचारांच्या नेत्याने तो रद्द केला, याबद्दल मला त्यांच्याविषयी मोठा आदर वाटतो.

राजकारण्याशी संधान बांधून परवाना, जमीन आणि कर्जमाफी मिळवणारा उद्योगपती दाखवून ‘हीच तुमची भांडवलशाही’ असे तुम्ही म्हणाल, तर त्या माणसाविरुद्ध मी तुमच्यासोबत उभा राहीन. महाराष्ट्रात एका साखर कारखान्यापासून २५ किलोमीटरच्या हवाई अंतरात दुसरा कारखाना काढता येत नाही. हा नियम उसाच्या शेतकऱ्याचा नकार काढून घेतो आणि चालत असलेल्या कारखान्याच्या संचालकांना बसल्या जागी गिऱ्हाईक बांधून देतो. राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी) १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढताना ज्याला परमिट-लायसन्स राज म्हटले, ते हेच होते.

ज्याच्याकडे विकायला काहीच नाही त्याचे काय, हा तुमचा न विचारलेला प्रश्न मला दिसतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद नसल्यामुळे आदिवासी कुटुंबाला ना बँक कर्ज देई ना कोणी पाण्याची सोय करे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या जमिनीवरचा हक्क मान्य केला; पुष्कळांना तो डाव्या चळवळीचा कायदा वाटतो, मला तो गरिबाच्या मालमत्तेचा कायदा वाटतो, आणि दावे जितक्या वेगाने निकाली निघायला हवेत तितक्या वेगाने निघत नाहीत याची खंत वाटते. शाळा, दवाखाना, रस्ता आणि दुष्काळातली मदत यांवर सार्वजनिक पैसा खर्च होण्यालाही माझा विरोध नाही. तेंडुलकर पद्धतीने मोजलेली देशातली गरिबी १९९३-९४ मध्ये सुमारे ४५ टक्के होती, ती २०११-१२ मध्ये २२ टक्क्यांवर आली. यात सरकारी योजनांचा वाटा आहेच. परंतु १९९१ नंतर मोकळ्या झालेल्या उद्योगधंद्यांनी जो महसूल आणि जो रोजगार दिला, त्याशिवाय त्या योजनांना पैसा आला नसता.

शेवटी तुमच्या वडिलांविषयी, कारण त्यांची बाग पुन्हा कापणीला येईल. कटाईची तारीख ठरवण्याआधी रावेर आणि बऱ्हाणपूर या दोन्ही ठिकाणचे त्या सकाळचे भाव फोनवर घ्यावेत. भाव, जाहीर भावापासूनचा फरक, वजनात काय धरायचे आणि काय सोडायचे, आणि पैसे किती दिवसांत, एवढे चार मुद्दे कागदावर लिहून व्यापाऱ्याची सही घेतल्याशिवाय कोयता बागेत शिरू देऊ नये. सही टाळणारा पैसेही टाळतो, हा माझा सदतीस वर्षांचा अनुभव आहे. आजूबाजूच्या आठ-दहा बागाईतदारांनी मिळून एकाच आठवड्यातला माल एकत्र दाखवला तर बॉक्स पॅकिंग करणारा निर्यातदार थेट बागेवर येतो, एकट्या दोन एकरांसाठी तो सहसा येत नाही. जवळपास रायपनिंग चेंबर (केळी पिकवण्याची खोली) असलेल्याशी आधीच बोलून ठेवावे, म्हणजे कटाईवाल्यांनी दोन दिवस ताटकळत ठेवले तरी घड कापून तिकडे नेण्याची सोय राहील. मागच्या व्यवहाराची वजनपावती त्यांच्याकडे असेल तर तिची छायाप्रत मला पाठवा. फरकाची रक्कम मागण्याजोगी आहे की नाही, ते मी पाहून सांगतो.